बॅलमोरे उद्यान

अमेरिकेतील टेक्सस राज्याच्या पश्चिम भागात, चिवावा वाळवंटातील राज्य उद्यान. डेव्हिस डोंगररांगेच्या पायथ्याशी, टोयाव्हेल या वस्तीत. क्षेत्र सुमारे ४६ एकर. जवळच्या बॅलमोरे गावाचे नाव बॅलकम, मूर आणि रे या जमीनव्यापाऱ्यांच्या आडनावांची सांधेजोड आहे.

तलाव : सॅन सॉलोमन झऱ्यांवर बांधलेला हा पोहण्याचा तलाव सु. १.३ एकरांचा असून कमाल खोली ७.६ मी. आहे. झऱ्यांतून रोज सु. ५.७ कोटी लिटर पाणी येते व तलावात मावते जेमतेम १.३ कोटी, म्हणजे सहा तासांत सगळे पाणी पालटते. त्यामुळे क्लोरीन लागत नाही. तापमान बाराही महिने २२ ते २४ अंश से. पुढे हे पाणी पाटांनी शेतीला जाते. मंदीच्या काळात, १९३५ नंतर, बेरोजगार तरुणांच्या सरकारी श्रमदलाने तलाव बांधला. झऱ्यांनी पोसलेला जगातील सर्वांत मोठा तलाव, असा दावा केला जातो. २०१८ मध्ये वार्षिक सफाईच्या वेळी भिंतीचा भाग ढासळल्याने तो काही महिने बंद होता.

मासे : उद्यानाचे खरे महत्त्व येथे आहे. कोमांची पपफिश (सिप्रिनोडॉन एलेगन्स) हा बोटाएवढाही नसलेला मासा मूळचा टेक्ससमधीलच फोर्ट स्टॉक्टन गावच्या कोमांची झऱ्यांतलाही. तेथील शेतकऱ्यांनी भूजलाच्या बेसुमार उपशाविरुद्ध दाद मागितली; १९५४ साली न्यायालयाने कौल उपसणाऱ्यांना दिला. १९६० च्या सुमारास झरे आटले, तिथला मासाही गेला. नाव मात्र त्याच झऱ्यांचे राहिले. पेकोस गॅम्बुसिया (गॅम्बुसिया नोबिलिस) ही दुसरी संकटग्रस्त जाती. आपल्याकडे डासांच्या अळ्या खाण्यासाठी विहिरींत सोडतात तो गॅम्बुसिया याच प्रजातीतला, जाती वेगळी. तलाव बांधताना झऱ्यांभोवतीची मूळ दलदल नाहीशी झाली, हे तलावाच्या कौतुकात सहसा सांगितले जात नाही. १९९० च्या दशकात तिचा एक तुकडा माशांसाठी उद्यानातच पुन्हा घडवण्यात आला.

पाण्याचा उगम : चुनखडकातून, बराच दूरवरून. डेव्हिस डोंगरांत पाऊस झाला की प्रवाह तात्पुरता वाढतो. परिसरातील तेल व वायू उत्खननाच्या परिणामांबाबत मतभेद आहेत.

प्रवाशांची सोय : तंबूंसाठी जागा, श्रमदलाने बांधलेल्या खोल्या. पाण्यात पाय सोडून बसल्यास मासे टोचतात.