भाद्रपदातील तीन दिवस : सणाचे जेवण आणि आहारसंयमाचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

सणासुदीच्या दिवसांत खाण्यावर ताबा कसा ठेवावा, हा प्रश्न आज आहारतज्ज्ञांचा मानला जातो. दिवाळी जवळ आली की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून फराळाच्या उष्मांकांची कोष्टके प्रसिद्ध होतात व वाचकाने मनोनिग्रह करावा, असे सुचविले जाते. मराठी समाजात हा संयम एकेकाळी पंचांगात, पंक्तीच्या रीतीत आणि घरातील श्रमविभागणीत बसविलेला होता. त्याचा भार कोणावर पडत होता, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पंचांगातील संयम

भाद्रपद शुद्ध तृतीया, चतुर्थी व पंचमी हे तीन दिवस या दृष्टीने अभ्यसनीय आहेत. तृतीयेला हरितालिकेचा उपवास, चतुर्थीला गणपतीच्या नैवेद्याचे मोदक आणि पंचमीला ऋषिपंचमीची भाजी. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे धान्य वर्ज्य असते. अळू, सुरण, लाल माठ, दोडका, भेंडी, मक्याचे कणीस अशा परसातल्या वा हाताने लावलेल्या भाज्या एकत्र शिजवून खाल्ल्या जातात. मेजवानीच्या अलीकडे लंघन आणि पलीकडे हलका आहार, अशी ही रचना आहे. आजच्या आहारतज्ज्ञानेही तिला हरकत घेऊ नये.

परंतु ही रचना सर्वांसाठी सारखी नव्हती. हरितालिका स्त्रियांची; ऋषिपंचमीही मुख्यतः स्त्रियांचीच. ऋषिपंचमीच्या व्रतकथेचा आधार तर रजस्वला अवस्थेतील कथित दोषाचे परिमार्जन हा आहे. मोदक मात्र साऱ्या घराचे. जिने तृतीयेला निर्जळी उपवास केला, तीच चतुर्थीला पहाटे उठून नारळ खवते, उकड काढते, पाने वाढते आणि बहुधा शेवटच्या पंक्तीला बसते. व्रताची आरोग्यदृष्ट्या प्रशंसा करणारे लेखन आपल्याकडे विपुल आहे. त्यात ही बाजू सहसा येत नाही.

चातुर्मासाची चौकट याहून विस्तृत आहे. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, कांद्याचे पदार्थ पोटभर खाऊन घ्यावयाचे, एकादशीपासून कांदा, लसूण व वांगी सोडावयाची, आणि वांगी थेट चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्यातील भरितातून पुन्हा पानात यावयाची. नागपंचमीला चिरणे व तळणे वर्ज्य, म्हणून पुरणाचे दिंड उकडावयाचे. वर्षा ऋतूत जठराग्नी मंद असतो, हा आयुर्वेदाचा सिद्धांत या चौकटीशी जुळतो. वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त पोटाचे दोन भाग अन्नाने, एक पेयाने भरून चौथा रिकामा ठेवण्यास सांगितले आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरच्या मराठा दरबाराच्या आश्रयास असलेल्या रघुनाथ गणेश नवहस्त यांनी ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात धान्यांचे व पक्वान्नांचे गुणदोष वैद्यकशास्त्राच्या आधारे दिले आहेत. जिलबीसारखे पक्वान्न आणि त्याचे पथ्यापथ्य एकाच ग्रंथात येते, यावरून हा विचार दरबारी वर्तुळातही चालत होता असे दिसते.

पंक्तीतील आग्रह

पानाची मांडणी हेही एक नियमनच होते. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे डाव्या बाजूला, थोडेथोडे, भाज्या उजवीकडे, प्रारंभी वरणभात व तूप, अखेरीस ताकभात. पण याच पंक्तीत ‘आग्रह’ नावाची दुसरी संस्था नांदत होती. पाहुण्याने किती जिलब्या रिचविल्या, यावर यजमानाची प्रतिष्ठा मोजली जाई. पैजेने खाणाऱ्यांच्या कथा पिढ्यान्‌पिढ्या कौतुकाने सांगितल्या जात. शास्त्राने रिकामा ठेवलेला पोटाचा चौथा भाग आग्रहाने भरला, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

हे सारे भरल्या घरांचे वर्णन झाले. महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये (१८८३) जन्मापासून मरणापर्यंतच्या संस्कारांच्या व वर्षभराच्या सणांच्या निमित्ताने शेतकऱ्याच्या पैशावर होणाऱ्या भोजन-दक्षिणेचा हिशेब मांडला. त्याच्या जेवणातील मिष्टान्नाचा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता, भाकरीचाच होता. दुसरीकडे, लग्नकार्ये व सण यांवरील उधळपट्टीमुळेच शेतकरी कर्जबाजारी होतो, असे वसाहतकालीन अधिकारी व सुशिक्षित वर्ग म्हणत असे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून दंगे उसळले. त्यानंतर नेमलेल्या आयोगाने आपल्या अहवालात हा खर्च समजला जातो तितका कर्जाला कारणीभूत नसल्याचे नोंदविले. गरिबाला संयमाचा उपदेश करणाऱ्यांनी या नोंदीकडे फारसे लक्ष दिले नाही. गाडगे महाराजांनीही ऋण काढून सण करू नका, असे आयुष्यभर सांगितले. परंतु ते त्याच माणसांत राहून, त्यांच्याच भाषेत.

शासन आणि उपवास

विसाव्या शतकात संयमाचा विषय शासनाकडे गेला. मे १९४३ मध्ये मुंबई शहरात शिधावाटप सुरू झाले आणि सणाच्या साखरेचे माप शिधापत्रिकेने ठरू लागले. १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. महाराष्ट्रातील अनेक घरांना सोमवार नवा नव्हता. पण रूढ सोमवारी दिवसभर उपवास करून संध्याकाळी तो ‘सोडावयाचा’ असतो. शास्त्रीजींनी नेमके तेच जेवण मागितले होते.

उपवासाच्या ताटाचा इतिहास अधिक उद्बोधक आहे. साबुदाण्याच्या खिचडीतील शेंगदाणा, बटाटा व मिरची ही तिन्ही पिके मूळ अमेरिका खंडातील. पोर्तुगीज येण्यापूर्वी ती या भूमीत नव्हती. आजचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो, तो कसावाही तिकडचाच. तामिळनाडूतील सेलम परिसरात हा उद्योग १९४० च्या दशकात उभा राहिला. रताळ्याचे मूळही अमेरिकेतच. वरी व शिंगाडा मात्र येथील जुने. धर्मशास्त्राने धान्य वर्ज्य केले आणि जी नवी पिके त्या यादीत नव्हती, ती उपवासाला चालू लागली, असे अनुमान करता येते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रथिने नाममात्र. वर तूप व शेंगदाण्याचे कूट. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण लोकांनी उगीच केलेली नाही. श्रावणी सोमवारी आपल्या प्राध्यापक-कक्षात उघडणारे डबे पाहिले, तरी तिचा प्रत्यय येतो. मधुमेह असलेल्या सहकाऱ्यांना सणाच्या ताटाइतकाच हा डबाही जपून खावा लागतो.

पंगतीची जागा आता मंगल कार्यालयातील बुफेने घेतली आहे. वाढणारे हात गेले, त्यांच्याबरोबर आग्रहही गेला. ताटाची डावी-उजवी बाजू राहिली नाही, आणि अखेरीस जेथे ताकभात येत असे, तेथे आइस्क्रीम आले. हरितालिकेचा निर्जळी उपवास मात्र अनेक घरांत अजून आहे, आणि दुसऱ्या दिवशीचे मोदकही बहुतेक वेळा तीच करते.