रशियन ‘प्रोइझवोल’साठी इंग्रजीत शब्द का सापडत नाही?

१८ ऑक्टोबर १९९१. सोव्हिएत संघ मोडायला जेमतेम दोन महिने उरले होते. त्या दिवशी रशियात एक कायदा झाला. राजकीय कारणांसाठी ज्यांना गोळ्या घातल्या, छावण्यांत डांबलं, हद्दपार केलं, त्यांच्यावरचा कलंक पुसण्यासाठी. सोव्हिएत काळात लक्षावधी लोक राज्यसत्तेच्या ‘प्रोइझवोल’ला बळी पडले, असं कायद्याच्या सुरुवातीलाच म्हटलंय. हे वाक्य इंग्रजीत नेताना अनुवादक अडतो तो याच शब्दापाशी.

‘वोल्या’ म्हणजे इच्छा. प्रोइझवोल म्हणजे नियम-कायद्याला न जुमानता, मनाला येईल तसं वागणारी सत्ता. शब्दकोश ‘आर्बिट्ररीनेस’ देतात, पण तो शब्द फार थंड आहे. अंपायरच्या एखाद्या निर्णयालाही तो चालून जातो. मग कोणी ‘टिरनी’ लिहितं. त्यात जरब आहे, पण टिरनी म्हटलं की टायरंट डोळ्यांसमोर येतो, म्हणजे वर बसलेला एक जुलमी माणूस. प्रोइझवोलला असा हुकूमशहा लागतोच असं नाही. तुरुंगाचा अधिकारी, ठाण्यातला पोलीस, खिडकीमागचा कारकून, कोणीही तो करू शकतो.

आपल्याकडे ‘मनमानी’ आहे की! रचनेनं तो रशियन शब्दाच्या बराच जवळ जातो. फक्त रिक्षाभाड्यापासून शाळेच्या फीपर्यंत आपण तो इतका वापरलाय की गोळीबार पथकासमोर हलका वाटतो.

याहून अवघड शब्द म्हणजे ‘रेप्रेसिई’. हा मुळात लॅटिन वळणाचा, सरकारी, गुळगुळीत शब्द. पण १९३७-३८ या दोन वर्षांत, सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या स्वतःच्या नोंदींनुसार, ६ लाख ८० हजारांहून अधिक लोकांना मृत्युदंड झाला. त्यानंतर तो गुळगुळीत राहिला नाही. रशियन घरांत आजही ‘आजोबा रेप्रेस झाले’ अशा अर्थाचं वाक्य सहज बोललं जातं. इंग्रजीत ‘ही वॉज रिप्रेस्ड’ म्हटलं, तर आजोबा भावना मनात दाबून ठेवणारे होते, असं वाटेल! मराठीतही ‘दमित’ म्हटलं की आधी दमित इच्छाच आठवतात.

म्हणून अनुवादक ‘अटक झाली’ किंवा ‘गोळी घातली’ असं स्पष्ट लिहून मोकळा होतो. वाचायला बरं, पण इथेच एक गोष्ट निसटते. नेमकं काय झालं, हे अनेक कुटुंबांना ठाऊकच नव्हतं. त्यांना सांगितलं जायचं, ‘दहा वर्षांची कैद, पत्रव्यवहाराचा हक्क नाही.’ प्रत्यक्षात माणूस बहुतेक वेळा आधीच मारलेला असायचा. बायको वाट पाहत राहायची. रशियन शब्दात ही अनिश्चितता राहते. इंग्रजीतलं ‘गोळी घातली’ हे त्या बायकोला माहीत नसलेलं आधीच सांगून टाकतं.

काही शब्दांत मात्र मराठी माणूस इंग्रजीपेक्षा सुखी आहे. ‘बेसप्रेदेल’ हा तुरुंगातल्या गुन्हेगारांच्या बोलीतून आलेला शब्द १९८०च्या दशकाच्या शेवटी सर्वांच्या तोंडी झाला. बेस म्हणजे विना, प्रेदेल म्हणजे मर्यादा. इंग्रजीत ‘लॉलेसनेस’ म्हणतात, पण इथे चोरांनी आपसांत पाळायचे नियमही मोडलेले असतात. आपली ‘बेबंदशाही’ जवळजवळ तशीच घडलेली आहे. ‘सामोदुर’ हा नाटककार ओस्त्रोव्हस्कीने १९व्या शतकात लोकप्रिय केलेला शब्द. घरात आणि दुकानात ‘हम करे सो कायदा’ चालवणारा हेकट शेठ. इंग्रजी ‘पेटी टायरंट’मध्ये त्याचा मूर्खपणा येत नाही.

आणि मग ‘श्चिना’ हा प्रत्यय. माणसाच्या नावाला तो लावला की त्याच्या नावाची एक वाईट राजवट तयार होते. १९३६ ते १९३८ या काळात गुप्त पोलिसांचा प्रमुख येझोव्ह होता, म्हणून त्या काळाला ‘येझोव्हश्चिना’ म्हणतात. इंग्रजीत असा सोयीचा प्रत्यय नाही, त्यामुळे मूळ शब्दच उचलावा लागतो. ‘इथे काय मोगलाई लागून गेलीय का?’ असं विचारणाऱ्याला मात्र हे वेगळं समजावायला नको. इंग्रजी वाचकांमध्ये रुळलं ते ‘द ग्रेट टेरर’ हे नाव, रॉबर्ट कॉन्क्वेस्ट यांच्या १९६८च्या पुस्तकाचं. पुढे तेच भाषांतरित होऊन रशियनमध्ये गेलं.

येझोव्हलाही पुढे अटक झाली आणि १९४० मध्ये गोळी घातली गेली. १९९१च्या त्या कायद्यानुसार त्यालाही बळी मानावं, असा अर्ज नंतर आला. १९९८ मध्ये रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या लष्करी खंडपीठाने तो फेटाळला.