ब्रिटिश रुग्णालयांत तोंड उघडण्याची किंमत

ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा, म्हणजे एनएचएस, १९४८ मध्ये सुरू झाली, तेव्हा जुन्या धर्मादाय रुग्णालयांची उतरंड तिच्याकडे जशीच्या तशी आली. वॉर्डात मेट्रनचा आणि शस्त्रक्रियागृहात कन्सल्टंटचा शब्द अखेरचा. कनिष्ठ डॉक्टरची पुढची नेमणूक वरिष्ठाच्या शिफारसपत्रावर अवलंबून असल्यामुळे चारचौघांत झालेला पाणउतारा तो निमूट गिळत असे. सहकाऱ्याची चूक बोलून दाखवणे ही फितुरी मानली जाई.

या गप्प बसण्याला पहिला मोठा तडा १९६७ मध्ये गेला. कार्डिफच्या इली रुग्णालयात बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांना क्रूर वागणूक मिळते आणि त्यांच्या वस्तू लाटल्या जातात, हे तिथल्या एका परिचर्या साहाय्यकाने वृत्तपत्राला कळवले. जेफ्री हाऊ यांच्या समितीने १९६९ च्या अहवालात तक्रारीतला बराचसा भाग खरा ठरवला आणि रुग्णालयांच्या तपासणीसाठी सल्लागार यंत्रणा उभी राहिली. मात्र ती यंत्रणा प्रामुख्याने अशा दीर्घकालीन निवासाच्या रुग्णालयांसाठी होती. नामांकित शल्यविशारदांच्या कामाकडे बाहेरच्या कोणाची नजर पोचत नव्हती.

ती उणीव ब्रिस्टलमध्ये उघडी पडली, आणि फार महाग पडली. एक वर्षाखालच्या बालकांच्या हृदयशस्त्रक्रियेचे मान्यताप्राप्त केंद्र म्हणून १९८४ मध्ये या शहराची निवड झाली होती. १९८८ मध्ये तेथे रुजू झालेले भूलतज्ज्ञ स्टीफन बोल्सिन यांना शस्त्रक्रिया फार लांबतात आणि मुले प्रमाणाबाहेर दगावतात, असे दिसू लागले. १९९० मध्ये त्यांनी मुख्य अधिकारी जॉन रॉयलन्स यांना पत्र लिहिले. त्यातून सुधारणा तर झाली नाहीच, उलट बोल्सिन यांनाच वरिष्ठांची नाराजी सोसावी लागली. तक्रार न्यायची तरी कोणाकडे, हाच खरा पेच होता. ज्यांच्या निकालांविषयी शंका होती त्यांपैकी एक सर्जन, जेम्स विशार्ट, १९९२ पासून रुग्णालयाचे वैद्यकीय संचालकही होते. बोल्सिन यांनी एका सहकाऱ्याच्या मदतीने आकडेवारी जमवली. जानेवारी १९९५ मध्ये, एका १८ महिन्यांच्या मुलावरील शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी बैठक भरली. बोल्सिन यांचा विरोध डावलून शस्त्रक्रिया करण्याचे ठरले. ते मूल वाचले नाही.

पुढच्या वर्षी बोल्सिन ऑस्ट्रेलियातील जिलाँगला निघून गेले. वैद्यकीय परिषदेने १९९८ मध्ये विशार्ट आणि रॉयलन्स यांची नावे नोंदवहीतून काढून टाकली. दुसरे सर्जन जनार्दन धस्माना यांना तीन वर्षे मुलांवर शस्त्रक्रिया करण्यास मनाई झाली. इयान केनेडी यांच्या चौकशी अहवालाने २००१ मध्ये हिशेब मांडला: १९९१ ते १९९५ या काळात, अशाच इतर केंद्रांच्या मानाने, एक वर्षाखालची ३० ते ३५ मुले जास्त दगावली. ही माणसे निष्काळजी किंवा दुष्ट नव्हती, असे अहवाल स्पष्ट म्हणतो. सत्ता मोजक्या लोकांच्या कंपूत अडकली होती आणि त्याबाहेरच्याला बोलायला जागा नव्हती. हे निदान एखाद्याला खलनायक ठरवण्यापेक्षा कितीतरी अस्वस्थ करणारे आहे, कारण असा कंपू कुठल्याही चांगल्या रुग्णालयात जमू शकतो.

गैरप्रकार उघड करणाऱ्या कर्मचाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा १९९८ मध्ये झाला. तरीही २००५ ते २००९ या काळात स्टॅफर्डच्या रुग्णालयात रुग्णांची भीषण आबाळ झाली. अपघात विभागात आलेल्या रुग्णांसाठी ठरलेली चार तासांची मुदत पाळली गेली असे दाखवण्यासाठी खोट्या वेळा लिहायला लावत, असे तिथल्या एका नर्सने चौकशीत सांगितले. याविरुद्ध बोलल्यावर सहकाऱ्यांनी तिला धमकावले. रात्री पाळी संपल्यावर गाडीपर्यंत एकटीने जायची तिला भीती वाटे. नोकरी वाचवणारा कायदा होता, पण रोज शेजारी उभे राहून काम करणाऱ्यांच्या छळापुढे तो लंगडा ठरला.

स्टॅफर्ड प्रकरणाची चौकशी करणाऱ्या रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या २०१३ च्या अहवालात २९० शिफारशी होत्या. उपचारात इजा झाल्यास रुग्णाला खरे सांगण्याचे बंधन २०१४ पासून इंग्लंडमधील रुग्णालयांवर कायद्याने आले. शिकाऊ डॉक्टरांच्या वार्षिक पाहणीत छळ आणि खच्चीकरणाचे प्रश्न विचारले जाऊ लागले. २०१५ मध्ये फ्रान्सिस यांनीच सुचवल्यानुसार प्रत्येक एनएचएस ट्रस्टमध्ये कर्मचाऱ्यांचे म्हणणे ऐकून घेणारा पालक-अधिकारी नेमला जाऊ लागला आणि २०१६ मध्ये या अधिकाऱ्यांचे राष्ट्रीय कार्यालय सुरू झाले.