वैतरणेवरचे दोन मार्ग

वाचकहो, जवळ महाराष्ट्र-गुजरातचा नकाशा असेल तर तो पुढ्यात घ्या. गुरुजींच्या वर्गात तो भिंतीवर असतोच. मुंबईवर बोट ठेवा आणि किनाऱ्याने उत्तरेकडे सरकवीत न्या. आधी वसईची खाडी लागते, मग वसई, नालासोपारे, विरार आणि त्यापुढे वैतरणा. डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला डोंगर, आणि मधे खाड्यांनी ठिकठिकाणी तोडलेली सखल जमिनीची पट्टी. गुजरातेत जायचे तर सैन्याला, व्यापाऱ्याला आणि आगगाडीला याच पट्टीतून वाट काढावी लागली आहे.

आज या पट्टीत दुसऱ्या लोहमार्गाचे काम चालू आहे. मुंबई ते अहमदाबाद, ५०८ किलोमीटर. त्याच्या गाडीला लोक 'बुलेट ट्रेन' म्हणतात. ताशी ३२० किलोमीटर वेगाने ती धावावी असा बेत आहे. पण या नव्या मार्गाची गोष्ट नीट समजायची असेल तर आधी दीडशे वर्षे मागे गेले पाहिजे, कारण नव्या मार्गाला आलेल्या बहुतेक अडचणी जुन्याला येऊन गेलेल्या आहेत.

मुंबई-ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी निघाली, हे शाळेतले पोरही सांगेल. ती कंपनी निराळी. आपल्या वसई-विरारकडची गाडी आणली ती 'बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया' या कंपनीने. जुनी माणसे तिला नुसते 'बीबीसीआय' म्हणत. ही कंपनी १८५५ साली निघाली आणि गंमत अशी की नावात पहिले मुंबई असूनही तिने सुरुवात केली सुरतेकडून. १८६० साली अंकलेश्वर ते उतराण हा पहिला तुकडा चालू झाला. मुंबईपर्यंत रूळ पोचले ते नोव्हेंबर १८६४ मध्ये. तेव्हा गाडी ग्रँट रोडला थांबत असे.

घाई कशाची होती? कापसाची. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला. हा कापूस मुंबई बंदरात लवकर यावा अशी व्यापाऱ्यांची तगमग. दैवाचा खेळ पाहा, रूळ मुंबईला भिडले आणि पाच-सहा महिन्यांत, एप्रिल १८६५ मध्ये, अमेरिकेतले युद्ध मिटले. कापसाचा भाव कोसळला, मुंबईतल्या कित्येक पेढ्या बुडाल्या. रूळ मात्र राहिले.

आता खाड्यांकडे वळू. खाडीचा तळ भरवशाचा नसतो. वर भरती-ओहोटीचे पाणी, खाली चिखल आणि रेती, आणि खडक असला तरी पार खोल. दगडी खांब उभारायचे तर पाणी अडवा, चिखल उपसा, खडक शोधा. त्यात वर्षे जातात. यावर कर्नल केनेडी या इंजिनियराने मळसूत्री खांबांचा उपाय केला. म्हणजे काय, तर लोखंडी खांबाच्या तळाला स्क्रूसारखे रुंद पाते बसवायचे आणि खांब ठोकून नव्हे, तर पिळून जमिनीत उतरवायचा. वरच्या टोकाला लांब दांडे लावायचे आणि तेलाच्या घाण्यासारखे ते गोल फिरवायचे. जसजसे फिरवावे तसतसे पाते चिखलात रुतत जाते आणि रुंद असल्यामुळे वरचा भार पेलून धरते. नर्मदा, तापी, वैतरणा, वसईची खाडी, या साऱ्यांवर पहिले पूल असल्या खांबांवरच उभे राहिले.

ही युक्ती शोधून काढणारा माणूस अलेक्झांडर मिचेल, आयर्लंडचा. तरुणपणीच त्याची दृष्टी गेली होती. १८३३ साली त्याने या खांबाचे पेटंट घेतले आणि समुद्रातल्या रेतीवर दीपगृहे उभी केली. एका आंधळ्या माणसाच्या कल्पनेवरून आपल्या खाड्यांवरून गाडी गेली. वर्गात मुलांना सांगावी अशी ही हकीकत आहे. सनावळ्या विसरल्या तरी चालतील.

दुसरी अडचण सरहद्दींची. आज आपण विरारला बसून बडोद्याला उतरतो तेव्हा मधे कुठले राज्य संपले याची जाणीवही होत नाही. १८६० च्या सुमारास तसे नव्हते. इंग्रजी मुलुख, मधेच सचिनच्या नबाबाची जहागीर, बिलिमोरा-नवसारीकडे गायकवाडांचा प्रांत, पुन्हा इंग्रजी, पुन्हा गायकवाडी, आणि दमणला पोर्तुगीज शेजारी. एकाच रुळाला इतक्या धन्यांचा शेजार. गणपतराव गायकवाडांनी १८५६ साली रेल्वेला जमीन दिली, पण अट घालून दिली. पूर्वी आमच्या मुलखातून जाणाऱ्या मालावर आम्ही जकात घेत होतो, गाडी आल्यावर ती बुडेल, ती नुकसानी भरून द्या. मला वाटते, हा शहाणा करार होता. रुळाने व्यापार वाढेल, पण वाढ एकाच्या पदरात आणि तोटा दुसऱ्याच्या, असे होऊ शकते हे त्यांनी आधीच ओळखले होते.

सरहद्दीवर गाडी कशी अडखळते याचा दाखला आपल्याजवळच आहे. १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांचा तह झाला आणि मुरगाव बंदरापासून घाट चढून येणारा लोहमार्ग बांधला गेला. कॅसल रॉकला इंग्रजी हद्द, कुळेंला पोर्तुगीज. उतारूंच्या पेट्या-वळकट्या उघडून जकात तपासली जाई. १९५५ साली तर ही वाहतूक बंदच पडली. आज युरोपात एस्टोनिया, लॅटव्हिया आणि लिथुएनिया हे तीन लहान देश मिळून पोलंडच्या सीमेपर्यंत जलद मार्ग बांधत आहेत. त्यांचे जुने रूळ रशियाच्या मापाचे, १५२० मिलिमीटर रुंदीचे, नवे पश्चिम युरोपाच्या मापाचे, १४३५ चे. म्हणजे जुनी गाडी नव्या रुळावर चालायची नाही. आपल्या बुलेट ट्रेनचेही तेच. आपले जुने रूळ १६७६ मिलिमीटरचे, तिचे १४३५ चे. एकाच देशात राहूनही हे दोन मार्ग एकमेकांना कधी जोडले जाणार नाहीत. उतारूने उतरायचे आणि गाडी बदलायची.

तिसरी गोष्ट पैशाची. जुन्या मार्गाचे भांडवल विलायतेतून आले. सरकारने कंपनीला शेकडा ५ व्याजाची हमी दिली होती. नफा झाला तर भागीदारांचा, कमी पडला तर भरणार हिंदुस्थानचा खजिना, म्हणजे शेवटी शेतसारा देणारा. दादाभाई नौरोजींनी देशातून बाहेर वाहून जाणाऱ्या संपत्तीचा जो हिशेब मांडला, त्यात रेल्वेवरचे व्याजही होते. नव्या मार्गाला जपानचे कर्ज आहे. खर्चाचा अंदाज १ लाख ८ हजार कोटी रुपये धरला होता, त्यातले सुमारे ८१ टक्के कर्जाऊ, व्याज शेकडा ०.१, फेड ५० वर्षांत. व्याज नाममात्र आहे खरे, पण कर्ज येनमध्ये आहे, आणि ५० वर्षांत रुपया आणि येन यांचे नाते कसे राहील हे कोणी सांगावे? जपानने स्वतःचा असा पहिला मार्ग, तोक्यो ते ओसाका, १९६४ साली चालू केला तोही जागतिक बँकेचे कर्ज काढून. आपला जुना मार्ग मुंबईला पोचला त्याला तेव्हा बरोबर शंभर वर्षे झाली होती.

सप्टेंबर २०१७ मध्ये साबरमतीला नव्या मार्गाची पायाभरणी झाली. महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे १५६ किलोमीटर आले, त्यांतले बरेचसे पालघर जिल्ह्यात. २०१८ साली इथल्या गावांनी, विशेषतः आदिवासी पाड्यांनी, मोजणीला विरोध केला. त्यांचे म्हणणे साधे होते. जमीन आमची जाणार, गाडीत बसणार दुसरे. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सुमारे २२ हजार तिवरांची झाडे तोडण्यास परवानगी दिली; आधी हा आकडा ५३ हजारांवर होता. तिवरे म्हणजे खाडीचा बांध, तिथेच मासळीची पिल्ले वाढतात, हे कोळ्याला सांगायला नको. जानेवारी २०२४ मध्ये दोन्ही राज्यांतली मिळून सुमारे १,३८९ हेक्टर जमीन ताब्यात आल्याचे सरकारने जाहीर केले.

वैतरणेवर या मार्गाचा पूल २ किलोमीटरहून लांब आहे, साऱ्या मार्गावरचा सर्वांत लांब. शिवाय मार्गावर आणि भूकंपप्रवण जागी मिळून २८ भूकंपमापक बसवायचे ठरले, त्यांतला एक विरारला. जमीन हादरते तेव्हा आधी एक हलकी लाट येते, मागून जोराची. हलकी लाट टिपून यंत्राने वीज तोडायची आणि गाडी थांबवायची, असा हा प्रकार. डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून वारंवार धक्के बसले, तेव्हा हा खर्च वायफळ म्हणता येणार नाही.

राहिला थांब्याचा प्रश्न. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईला पहिली रोजची गाडी निघाली. सकाळी जायची, संध्याकाळी परतायची, दिवसाला एकच. पुढे १९३६ साली विजेची गाडी विरारपर्यंत आली, आणि वसईची केळी, फुले आणि भाजी पहाटेच्या डब्यातून मुंबईच्या बाजारात जाऊ लागली. बागाईतदाराला आणि टोपलीवालीला ही गाडी खरोखर फळली. पण १८६७ च्या स्टेशनांच्या यादीत 'पांजे' असेही एक नाव आहे. वसईच्या खाडीतले हे पाणजू बेट. दोन्ही पुलांच्या मधोमध. तिथे आज स्टेशन नाही. डोक्यावरून गाड्या धडधडत जातात आणि पाणजूचा माणूस होडीत बसून नायगावला येतो. वैतरणेतल्या वाढीव बेटावरची माणसे तर स्टेशन गाठायला वर्षानुवर्षे रेल्वेपुलावरून पायी चालत आली आहेत.

नव्या मार्गावर १२ स्टेशने आहेत. पालघर जिल्ह्यात दोन, विरार आणि बोईसर. विरारचे नवे स्टेशन जुन्याला लागून नाही, पूर्वेकडे आहे. मधल्या सफाळे, केळवे, पालघरच्या माणसाने आधी जुन्या गाडीने विरारला किंवा बोईसरला यायचे, तिथून रिक्षा वा बस धरून नवे स्टेशन गाठायचे, आणि मग पुढे सुरतेला.