केळापूरची सरहद्द आणि मराठ्यांची वकिली

इ. स. १८१८ च्या एप्रिल महिन्यांत केळापूर तालुक्यांत, पांढरकवड्याच्या आसमंतांत, दुसऱ्या बाजीराव पेशव्यांची फौज व कंपनी सरकारची फौज यांची गांठ पडली. कंपनीकडून कर्नल स्कॉट व कर्नल अ‍ॅडम्स हे सरदार होते. पेशव्यांस वर्धा नदी उतरून चांद्याकडे जावयाचें होतें. तें साधलें नाहीं. त्याच महिन्याच्या १७ तारखेस अ‍ॅडम्सनें त्यांस शिवणीनजीक पुन्हां गांठलें व त्यांची उरलीसुरली सेना उधळून लावली. (इंग्रजी ग्रंथांत या गांवाचें नांव ज्या रीतीनें लिहिलें आहे तिच्यामुळें ही मध्य प्रदेशांतील सिवनी असा कित्येकांचा समज होतो, तो चुकीचा आहे.) या प्रसंगास आमच्या शालेय इतिहासांतून एखादी ओळ मिळते, आणि तीहि ‘पेशवे पुढें व इंग्रज पाठीमागें’ या पळापळीच्या वर्णनांतली. आमचें मत निराळें आहे. ही चकमक लढाई म्हणून लहान असेल. परंतु मराठ्यांचें परराज्यविषयक धोरण कोठें व कसें संपलें हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें केळापूरच्या या मुलुखाकडे पाहिल्यावांचून चालणार नाहीं.

प्रथम भूमीविषयीं दोन शब्द. पूर्वेस वर्धा व दक्षिणेस पैनगंगा, या दोन नद्यांच्या आंतल्या कोनांत हा तालुका येतो. केळापुरास जगदंबेचें देवस्थान आहे. तालुक्याची कचेरी मात्र जवळच पांढरकवड्यास. पैनगंगेपलीकडे निजामाचा तेलंगणचा मुलूख, वर्धेपलीकडे नागपूरकर भोसल्यांचें चांदा. अर्थात् येथें दोन राज्यांच्या कडा एकमेकींस भिडत. एवढेंच नव्हे, तर वऱ्हाडांत निजाम व भोसले या दोघांचा अंमल एकाच जमिनीवर चाले. त्यास ‘दोअमल’ म्हणत. एकाच गांवीं दोन धन्यांचे कमाविसदार वसुलास येत, याचा अर्थ रयतेस कसा लागला असेल तो वाचकांनीं आपल्याशीं कल्पावा.

आतां वकिलीकडे वळूं. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत दूतांचे तीन वर्ग सांगितले आहेत: निसृष्टार्थ, परिमितार्थ व शासनहर. पहिल्यास बोलणें ठरविण्याचा पूर्ण अधिकार, दुसऱ्यास नेमून दिलेल्या मर्यादेपुरता, आणि तिसरा केवळ पत्र पोंचविणारा. हा ग्रंथ शामशास्त्री यांनीं इ. स. १९०९ मध्यें छापून प्रसिद्ध करीपर्यंत विद्वानांस तो बहुधा नांवानेंच ठाऊक होता; मराठी मुत्सद्द्यांनीं तो वाचला असेल असें मानण्यास आधार नाहीं. तथापि त्यांच्या दप्तरांतील व्यवहार पाहिला म्हणजे हे तिन्ही वर्ग तेथें नांदत होते असें स्पष्ट दिसतें. दिल्लीस हिंगणे, हैदराबादेस गोविंदराव काळे, कलकत्त्यास नागपूरकरांतर्फे बेनीराम पंडित, अशीं माणसें वर्षानुवर्षें परदरबारीं राहून बातमी लिहीत, सलूख करीत, प्रसंगीं धन्याच्या आज्ञेची वाट न पाहतां शब्दहि देत. वऱ्हाड-नागपूरकडच्या माणसांनीं विशेष लक्षांत ठेवावें असें एक नांव नरखेडच्या देवाजीपंत चोरघडे यांचें. साडेतीन शहाण्यांतील हा एक पुरा शहाणा आमच्याच बाजूचा, आणि त्याची सारी कीर्ति तलवारीची नसून मसलतीची आहे.

ही व्यवस्था किती कसाची होती हें इ. स. १७८० च्या सुमारास दिसून आलें. नाना फडणिसांनीं हैदर, निजाम व नागपूरकर यांस इंग्रजांविरुद्ध एका जुटींत आणिलें. त्या मसलतींत नागपूरकरांनीं बंगालवर जावयाचें होतें. मुधोजी भोसल्यांनीं चिमणाजीस फौज देऊन कटकाकडे रवाना केलेंहि. परंतु वॉरन हेस्टिंग्जनें पैसा चारून ती स्वारी निष्फळ केली. संस्कृत पाठशाळेंतला विद्यार्थी साम, दान, भेद, दंड हे चार उपाय घोकून पाठ करतो. त्यांतील दान व भेद हे दोन उपाय परक्या माणसानें आमच्याच अंगणांत आमच्यापेक्षां सफाईनें चालविले. असो. तरीहि इ. स. १७८२ च्या सालबाईच्या तहांत महादजी शिंदे मध्यस्थ व जामीन म्हणून उभे राहिले, आणि इ. स. १७९५ मध्यें खर्ड्यास शिंदे, होळकर, भोसले यांच्या फौजा पेशव्यांच्या निशाणाखालीं एकत्र आल्या. ज्या राज्याचे वकील ठिकठिकाणीं बसले आहेत तेंच राज्य असा मेळ घालूं शकतें.

इंग्रजांनीं नेमका हाच मेळ हेरला. पुढील पंधरा वर्षांतील चार तह ओळीनें वाचले असतां एक गोष्ट ध्यानांत येते. किल्ले, तोफा, प्रांत हीं कलमें तहागणिक बदलतात. वकिलांविषयींचें कलम मात्र प्रत्येक वेळीं अधिक आवळत जातें. इ. स. १८०२ च्या अखेरीस झालेल्या वसईच्या तहांत बाजीरावांनीं कबूल केलें कीं, कंपनीस विचारल्यावांचून कोणत्याहि दरबाराशीं बोलणें लावावयाचें नाहीं. निजामाशीं असलेले पैशाचे तंटेहि कंपनीच्या निवाड्यावर सोंपविले. दुसरा तह ता. १७ डिसेंबर १८०३ चा, एलिचपुराजवळील देवगांवचा. अडगांवची लढाई हातची गेली, गाविलगडहि पडला, तेव्हां भोसल्यांचे वकील यशवंतराव रामचंद्र यांनीं जनरल वेलस्लीशीं हा करार केला. कटक व बालासोर कंपनीस गेलें, आणि वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांनीं सोडला. केळापूर त्यांतच आलें व पुढच्या वर्षीं निजामाच्या पदरांत पडलें. दोअमल संपला. याच तहान्वयें नागपुरास रेसिडेंट बसला, आणि त्या जागीं पहिला आला तो एल्फिन्स्टन. हाच पुढें पुण्यास गेला व त्याच्या हातून पेशवाईची अखेर झाली. नागपुरास त्याच्यामागून जेंकिन्स आला. या दोघांच्या ठायीं निसृष्टार्थ दूताचीं सर्व लक्षणें होतीं, हें शत्रूचें असलें तरी मान्य केलें पाहिजे.

तिसरा तह ता. २७ मे १८१६ चा. परसोजी भोसले राज्य चालविण्यास असमर्थ. कारभार हातीं राहावा म्हणून आप्पासाहेबांनीं तैनाती फौज पत्करली. चौथा तह ता. १३ जून १८१७ चा, पुण्याचा. यांत बाजीरावांनीं मराठेमंडळाचें अग्रेसरत्व सोडलें, आणि आपले वकील परदरबारीं ठेवणार नाहीं व परदरबारांचे आपणांजवळ ठेवून घेणार नाहीं असें लिहून दिलें. आमच्या समजुतीनें पेशवाईचा मृत्युलेख शनिवारवाड्यावर निशाण चढलें त्या दिवशीं लिहिला गेला नाहीं; तो या कलमांत पांच महिने आधींच लिहिलेला आहे. येथें दूरच्या एका गोष्टीची आठवण होते. इ. स. १८१५ मध्यें यूरोपांतील राजांनीं व्हिएन्ना येथें जमून कोणत्या दर्जाचा वकील कोणाच्या आधीं बसावा याचे नियम ठरविले. तिकडे वकिलांचे दर्जे ठरत होते. इकडे दोन वर्षांच्या आंत मराठ्यांच्या वकिलांचें आसनच उचललें गेलें.

वकील बंद झाले म्हणून संबंध बंद होत नाहीं. ते चोरवाटेनें चालूं लागतात, एवढाच फरक. ता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीस लढाई जुंपली, आणि पेशवे कंपनीचे उघड शत्रु झाले. तरी ता. २४ नोव्हेंबरास आप्पासाहेबांनीं जेंकिन्सचा निषेध बाजूस सारून पुण्याहून आलेलीं सेनासाहेबसुभ्याचीं वस्त्रें समारंभानें स्वीकारलीं. हें कृत्य कित्येकांस वेडेपणाचें वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. वस्त्रें घेणें ही मराठी राज्यांत नुसती शोभेची बाब नव्हती. कोणाचें स्वामित्व मानतों हें जाहीर सांगण्याची ती रीत होती, आणि तिला कागदाची व सहीची जरूर लागत नव्हती. जें वकिलाच्या तोंडून वदतां येत नव्हतें तें आप्पासाहेबांनीं शेल्यापागोट्यानें वदविलें. धैर्य होतें, मात्र फौजेची तयारी नव्हती. दोनच दिवसांनीं सीताबर्डीची लढाई झाली आणि ती फसली.

यापुढील कथा थोडक्यांत सांगतों. फेब्रुवारी १८१८ मध्यें आष्टीस बापू गोखले पडले. पेशवे उत्तरेकडे वळले. आप्पासाहेब नांवाला गादीवर, पण त्यांचा पेशव्यांशीं पत्रव्यवहार चालला आहे हें जेंकिन्सला कळलें, आणि ता. १५ मार्च रोजीं त्यानें त्यांस कैद केलें. याचा अर्थ असा कीं, एका मराठी राजानें दुसऱ्यास पत्र लिहिणें हाच आतां गुन्हा ठरला होता. पेशव्यांचा बेत चांद्याकडे जाण्याचा होता. तेथील किल्ला मजबूत, रान दाट, व भोसल्यांचा सरदार गणपतराव सुभेदार त्यांस येऊन मिळालेला. नागपूर व पुणें यांची भेट आतां वकिलांमार्फत होऊं शकत नव्हती. ती फौजेनेंच व्हावयास पाहिजे होती, आणि त्या भेटीचा मार्ग केळापुरावरून वर्धेच्या उताराकडे जात होता. स्कॉट वणीच्या बाजूस आडवा आला, अ‍ॅडम्स उत्तरेकडून उतरला, आणि भेट झाली नाहीं. ता. २० मे रोजीं चांदा पडलें, ता. ३ जून रोजीं बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाले व आठ लक्षांची नेमणूक घेऊन बिठुरास गेले. आप्पासाहेब मात्र कैदेतून निसटले. त्यांची हकीकत स्वतंत्र लेखाची आहे.

एक गोष्ट येथें सहसा कोणी नोंदवीत नाहीं. ही लढाई झाली ती भूमि पेशव्यांची नव्हती, भोसल्यांची राहिली नव्हती, आणि कंपनीची तर नव्हतीच. देवगांवच्या तहापासून ती निजामाची होती. कौटिल्याच्या षाड्गुण्यांत संश्रय म्हणून एक गुण आहे: दुर्बळानें बलवंताचा आश्रय करणें. निजामानें तो इंग्रजांशीं इतका पुरा केला होता कीं, आपल्या घरांत दोघे परके लढत असतां त्यास अनुमति मागण्याचें कोणास कारण उरलें नव्हतें. संश्रयाचें मूल्य त्यास पुढें द्यावें लागलें. इ. स. १८५३ मध्यें कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटीं वऱ्हाड इंग्रजांनीं आपल्या ताब्यांत घेतलें, इ. स. १९०२ मध्यें कर्झननें दरसाल पंचवीस लक्षांवर त्याचा कायमचा पट्टा करून घेतला. स्वामित्व निजामाचें, अंमल इंग्रजांचा! सायप्रस बेट इ. स. १८७८ मध्यें तुर्की सुलतानाचें राहून इंग्रजांच्या अंमलाखालीं आलें, आणि हाँगकाँगलगतचा मुलूख इ. स. १८९८ मध्यें नव्व्याण्णव वर्षांच्या बोलीनें चीनपासून घेतला गेला. त्याच जातीचा हा व्यवहार होय. चीनचा मुलूख मुदत सरतांच इ. स. १९९७ मध्यें परत गेला. वऱ्हाडच्या पट्ट्यास मुदतच नव्हती.

निजामानें ही गोष्ट कधीं विसरूं दिली नाहीं. इ. स. १९२५ मध्यें मीर उस्मान अली खान यांनीं व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यास पत्र लिहून, वऱ्हाडच्या प्रश्नांत आपण व ब्रिटिश सरकार समान दर्जाचे आहों अशी भूमिका घेतली. त्यावर ता. २७ मार्च १९२६ चें रीडिंगचें उत्तर प्रसिद्धच आहे. ब्रिटिश सत्तेचें श्रेष्ठत्व केवळ तहांच्या कागदावर उभें नाहीं, आणि तिच्याशीं बरोबरीनें बोलण्याचा अधिकार हिंदुस्थानांतील कोणाहि संस्थानिकास नाहीं, असें त्यांत स्वच्छ सांगितलें. सार्वभौमसत्तेच्या सिद्धांताचा हा जो अत्यंत गाजलेला लेख, त्याच्या मुळाशीं केळापूर, वणी, यवतमाळ हीं गांवें ज्या प्रांतांत आहेत त्या प्रांताचा तंटा होता, हें आमच्या जिल्ह्यांतील किती पदवीधरांस ठाऊक आहे, याची आम्हांस शंका वाटते. पुढें इ. स. १९३६ मध्यें नवा करार होऊन वऱ्हाडावरील निजामाचें नाममात्र स्वामित्व मान्य झालें, आणि त्याच्या वारसास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली. हा राजपुत्र ज्या प्रांताचें नांव मिरवी त्या प्रांताचा कारभार नागपुराहून चाले.

इ. स. १९४७ मध्यें इंग्रजांची सार्वभौमता संपली आणि तिच्याबरोबर हे सारे तह लयास गेले. पुण्याच्या तहानें ज्या अधिकारास बाजीराव मुकले, त्याच अधिकाराचा, म्हणजे परराष्ट्रांशीं स्वतंत्रपणें बोलण्याचा, आग्रह आतां हैदराबादनें धरला. त्यानें ऑगस्ट १९४८ मध्यें संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे तक्रार पाठविली. ता. १६ सप्टेंबर रोजीं पॅरिस येथें ती समितीपुढें आली तेव्हां भारताची फौज तीन दिवसांपूर्वींच हैदराबादच्या हद्दींत शिरलेली होती. दुसऱ्या दिवशीं निजामाच्या फौजेनें शस्त्रें खालीं ठेवलीं, आणि त्याच महिन्यांत निजामानें तक्रार मागें घेतली. पैनगंगेच्या दक्षिणतीरीं त्यानंतर हैदराबाद राज्य, इ. स. १९५६ पासून आंध्र प्रदेश व इ. स. २०१४ पासून तेलंगण अशीं तीन नांवें आलीं. उत्तरतीरावरील केळापूर मध्य प्रदेशांतून इ. स. १९५६ मध्यें मुंबई राज्यांत व इ. स. १९६० मध्यें महाराष्ट्रांत आलें. नागपुराहून हैदराबादेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग पांढरकवड्यावरून जातो व पुढें पैनगंगा ओलांडतो.