पॅटननगर ते नगर

अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर येथील रणगाडा संग्रहालय १९९४ साली सुरू झाले. तेथे मांडलेल्या पॅटनचे कूळ शोधू गेल्यास वाट अनेक देशांतून जाते. तो अमेरिकेत घडला. नाव मिळाले जनरल जॉर्ज पॅटन यांचे. १९५४च्या लष्करी साहाय्य करारानंतर अमेरिकेने पाकिस्तानला असे रणगाडे दिले, ते साम्यवादाला पायबंद घालण्यासाठी. सप्टेंबर १९६५मध्ये मात्र ते खेमकरणवर चालून आले. असल उत्तरच्या परिसरात पाणी सोडलेल्या शेतांत ते रुतले आणि उसाआड दबा धरलेल्या भारतीय तोफांनी त्यांना टिपले. हस्तगत केलेले पॅटन भिखीविंडजवळ रांगेने मांडले गेले. त्या जागेला ‘पॅटननगर’ हे नाव पडले.

परंतु त्यांना अडवणारा सेंच्युरियन तरी कुठे स्वदेशी होता? तो ब्रिटनचा, तोही याच संग्रहालयात आहे. दोन्ही बाजूंचे पोलाद परके होते. आपले होते ते शेत, आणि दोन्हीकडची मेलेली माणसे. एकेकाळी एकाच सैन्यात असलेल्या पलटणींचे ते वारस होते. रणगाड्याच्या कुळाचा शोध कारखान्यापाशी थांबवला, तर नेमके हेच निसटते.