स्थानपरित्याग आणि शांतिकर्म : महामारींतील लोकवर्तनाचा विचार

महामारीच्या काळीं लोकांनीं सरकारी उपायांस जो विरोध केला, तो केवळ अज्ञानामुळें, असें मत लेखकांत रूढ झालेलें आढळतें. हें मत साधार आहे कीं काय, याचा विचार प्रस्तुत टिपणांत यवतमाळ जिल्ह्याच्या अनुषंगानें करावयाचा आहे.

प्रथम शास्त्र काय सांगतें तें पाहूं. चरकाच्या विमानस्थानांतील ‘जनपदोद्ध्वंसनीय’ नामक तिसऱ्या अध्यायांत, वायु, उदक, देश व काल हे चार भाव दूषित झाले असतां भिन्न प्रकृतीचीं माणसेंही एकाच वेळीं एकाच रोगानें मरतात, असें प्रतिपादिलें आहे. सुश्रुताच्या निदानस्थानांत अंगस्पर्श, निःश्वास, सहभोजन, एकशय्या व दुसऱ्याचीं वस्त्रें यांमुळें कांहीं रोग संक्रांत होतात, असें स्पष्ट म्हटलें आहे. त्याच्याच सूत्रस्थानांत (अ. ६) मरकावरील उपाय सांगतांना स्थानपरित्याग व शांतिकर्म हीं दोन्ही एकत्र दिलीं आहेत, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. प्लेगांत गांव सोडून शेतांत झोपडी घालणारा आणि मरीआईस नैवेद्य दाखविणारा शेतकरी एकच होता. एका उपायास शहाणपण व दुसऱ्यास वेड म्हणणें ही वांटणी आपली आहे, त्याची नव्हे.

मग विरोध कशास झाला ? इ. स. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईस मांडवी भागांत डॉ. व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथरोगांचा कायदा झाला. पुण्यांत रँडच्या अंमलाखालीं गोरे सोजीर घरांत, देवघरांत व स्वयंपाकघरांत शिरूं लागले. त्याची परिणति २२ जून १८९७ च्या रात्रीं झाली. परंतु त्याच पुण्यांत, झडत्यांवर कडक टीका करणाऱ्या टिळकांनीं हिंदु प्लेग रुग्णालय उभारण्यांत पुढाकार घेतला, आणि सावित्रीबाई फुले रुग्णसेवा करतां करतां १० मार्च १८९७ रोजीं प्लेगानेंच निवर्तल्या. तेव्हां पुणेकरांचा रोष उपचारावर नसून उपचाराच्या रीतीवर होता, असें म्हणणें प्राप्त आहे. येथें विरुद्ध पुरावाही नमूद केला पाहिजे : १८९६ च्या ऑक्टोबरांत मुंबईच्या गिरणीकामगारांनीं आर्थर रोड रुग्णालयावर चाल केली, ती अफवांच्या भयानें. मात्र सर्वच भय निराधार नव्हतें. १९०२ सालीं पंजाबांतील मुल्कोवाल येथें दूषित लशीनें १९ माणसें धनुर्वातानें दगावलीं.

आतां यवतमाळाकडे वळूं. मार्च २०२० मध्यें कोविडसाठीं महाराष्ट्रांत लागू झाला तो १८९७ चाच कायदा. फेब्रुवारी २०२१ मध्यें साथ पुन्हां वाढली, तेव्हां ज्या जिल्ह्यांत निर्बंध प्रथम कडक झाले त्यांत यवतमाळ होतें. त्याच्या थोडेंच आधीं, ३१ जानेवारी रोजीं, घाटंजी तालुक्यांत पोलिओच्या थेंबांऐवजीं १२ बालकांस हात धुण्याचें सॅनिटायझर पाजलें गेलें. मुलें सुदैवानें वांचलीं. अशा प्रसंगानंतर जी आई लशीकडे साशंक नजरेनें पाहील, तिला अडाणी म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. विश्वास हाही एक उपायच आहे. तो हुकुमानें लागू करतां येत नाहीं.

संग्राहकांस एक विनंति आहे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झानें मध्यप्रांत व वऱ्हाड यांची फार हानि केली. जुन्या वह्यांत व कुलवृत्तांतांत शके १८४० च्या आश्विन-कार्तिकांतील मृत्यूंच्या नोंदी एकाखालीं एक आढळल्यास त्या उतरून ठेवाव्या. तसेंच २०२०-२१ चीं ग्रामपंचायतींचीं फर्मानें, प्रवासाचे परवाने, गांवच्या वेशीवर लावलेल्या प्रवेशबंदीच्या पाट्या हीं आजच जपावीं. यंत्रांतून निघणाऱ्या कित्येक पावत्यांची अक्षरें थोड्याच वर्षांत पुसट होतात. बोरूचीं अक्षरें दोनशें वर्षांनींही वाचतां येतात. लोकांनीं काय मानलें व काय नाकारलें, याचा निर्णय पुढील संशोधक करतील. साधनें मात्र आपणच त्यांच्या हातीं दिलीं पाहिजेत.